हौदातला ओ

देवगाव फाट्यावरून मानवतकडे निघाले की उजव्या हाताला, रस्त्यापासून जरा आत, पत्र्याची एक उंच तेलगिरणी लागते. ही गिरणी स्वतः दाणा विकत घेत नाही. शेतकऱ्याने अथवा व्यापाऱ्याने आपली करडई, आपला जवस आणावा, गाळपाची मजुरी द्यावी आणि आपले तेल व आपली पेंड घेऊन जावे, असा तिचा रिवाज आहे. एकाचा दाणा दुसऱ्याच्या दाण्यात मिसळता कामा नये, ही तेथील पहिली शिस्त. दुसरी शिस्त हौदाची. ही हकीकत त्या दुसऱ्या शिस्तीसंबंधी आहे. आणि ती रात्रीची नसून भर दुपारची आहे, हे आरंभीच सांगून ठेवलेले बरे.

हौद म्हणजे पाण्याचा नव्हे. गाळपापूर्वी दाणा साठविण्याचे ते वीस फूट उंचीचे, खाली निमुळते होत गेलेले पत्र्याचे पिंप होते. चाळलेला दाणा पट्ट्यावरून वर चढे, हौदात पडे आणि बुडाच्या भोकातून फिरत्या स्क्रूवर उतरून यंत्राकडे जाई. क्वचित दाणा आत अडून बसे. मग एका माणसाने कमरेला दोर बांधून शिडीने उतरावे व बांबूने तो थर फोडावा. दुसऱ्याने हौदाच्या तोंडाशी उभे राहून दहा अंक मोजावेत आणि हाक मारावी. आतून ओ आला तर यंत्र चालू ठेवायचे. ओ आला नाही तर तांबडे बटण दाबायचे. यंत्र आधीच का थांबवीत नाहीत, असे एखादा नवखा विचारी. त्याला सांगण्यात येई की, यंत्र थांबले म्हणजे त्याच्या पोटातली गरम पेंड दगडासारखी आवळते आणि ती छिन्नीने फोडण्यात अर्धा दिवस जातो.

धम्मपाल त्या गिरणीत तंत्रज्ञ म्हणून येऊन एक वर्ष झाले होते. त्याला तेथे आणले ते त्याचे मामा आश्रुबा यांनी. आश्रुबा त्या गिरणीतले सर्वांत जुने कामगार. आणि त्यांची मुलगी धम्मशीला धम्मपालला दिलेली असल्यामुळे ते त्याचे सासरेही होते. हौदात उतरण्याचे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. लोक त्याला म्हाताऱ्याचा हट्ट म्हणत.

एप्रिलचा दुसरा आठवडा चालू होता. पेडगावच्या पंचफुलाबाई आपल्या बचत गटाचा जवस टेम्पोत घालून सकाळीच हजर झाल्या होत्या.

"सायेब, आमचा माल दुसऱ्या कुणाच्या मालात घालू नका बरं का," त्या धम्मपालला बजावत होत्या. "बारा बायांनी हातानं निवडलाय. परवा जयंती हाय. आज तेल घेतल्याबगर मी काय जायची न्हाई."

आश्रुबांनी एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि तळव्याला चिकटलेले दाणे त्यांना दाखविले.

"पंचफुलाबाई, हे दोन पोते वल्ले हायत."

"वल्ले न्हाईत वो दादा. जरा दमट हायत."

"दमट? पिळले तर चहापुरतं पाणी निघंल."

"मग पिळा की! त्याचसाठी आणलेत न्हवं?"

सगळे हसले. खरे पाहता ती दोन पोती बाजूला काढून उन्हात पसरावयास हवी होती. ओला जवस हा इतर दाण्यांसारखा नसतो. त्याला पाणी लागले की तो बुळबुळीत होतो, एकमेकाला धरतो आणि त्याची साय बनते. परंतु जयंती दोन दिवसांवर होती, मागे व्यापाऱ्यांची करडई ताटकळत होती, आणि अठ्ठावीस कोरड्या पोत्यांत दोन दमट पोती खपून जातील असे धम्मपालने ठरविले. पोती हौदात गेली.

दुपारी दीडच्या सुमारास खाली दाण्याची धार बारीक झाली.

बाहेर ऊन असे पडले होते की रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. गिरणीचे इतर कामगार लिंबाच्या सावलीत जेवावयास गेले होते. धम्मपाल आणि आश्रुबा लोखंडी जिन्याने हौदाच्या तोंडाशी गेले. तेथे पत्रा तापून हात ठेववत नव्हता. झाकण उघडताच कच्च्या जवसाचा उग्र, तेलकट वास वर आला. आत अंधार होता. इतक्या लख्ख उन्हाखाली इतका दाट अंधार असावा, याचे धम्मपालला दर वेळी नवल वाटे.

"मामा, आज मी उतरतो," तो म्हणाला.

"तुला जवसात पोहता येतंय का?"

"तुमाला तरी कुठं येतंय?"

"मला बुडायचं भ्याव न्हाई, जावईबापू. तू वरच थांब." दोराची गाठ आवळीत ते पुढे म्हणाले, "पण इथून हालायचं न्हाई. तहान लागली तरी न्हाई, कुणी बोलावलं तरी न्हाई. समजलं का?"

"समजलं."

आश्रुबा शिडीने उतरले आणि अंधारात दिसेनासे झाले. दोराचे दुसरे टोक धम्मपालने हातात धरावयाचे होते. त्याच्या तळहातांना घाम येत होता. म्हणून त्याने ते कठड्याला बांधले, आणि मामांना कोपऱ्यापर्यंत पोहोचता यावे म्हणून दोर सैल ठेवला. हाक मारणार तो आहेच, दोर धरण्याची काय आवश्यकता, असा त्याचा हिशेब होता. त्याची चूक झाली ती येथे.

त्याने दहा अंक मोजले.

"मामा!"

"ओ!" आवाजाला धाप होती. मागोमाग बांबूचे ठोके ऐकू आले.

पुन्हा दहा.

"मामा!"

"ओ! लय चिकट हाय रे हे..."

तिसऱ्या वेळी सात अंक होतात न होतात तोच आतून सळसळ झाली. ती मोठी होती, एकसारखी होती, आणि एकदम थांबली. धम्मपाल पुढे वाकला.

"मामा?"

"ओ."

त्याने नि:श्वास सोडला. थर फुटला असावा. त्यामुळेच ठोके थांबले असावेत. त्याने पुन्हा मोजावयास प्रारंभ केला. चौथ्या हाकेला ओ आला, पाचव्या हाकेला आला, सहाव्या हाकेलाही आला. तो आता हाक संपताच येत होता. त्यात धाप नव्हती, कंटाळा नव्हता. आश्रुबांचा ओ नेहमी जरा खेकसल्यासारखा असे. इतका सालस ओ त्यांनी उभ्या जन्मात कोणाला दिला नसेल, असा विचार धम्मपालच्या मनात येऊन गेला, आणि त्याला किंचित हसूही आले.

तेवढ्यात खालून पंचफुलाबाईंचा आवाज आला.

"वो सायेब! पेंड यायची बंद झाली! मशीन उपाशी चालायलंय!"

धम्मपाल जागच्या जागी थबकला. थर फुटला असेल, तर खाली दाण्याचा लोट यावयास हवा. धार पार बंद झाली, याचा अर्थ बुडाच्या भोकापाशी काहीतरी मोठे येऊन बसले आहे.

त्याने मोबाईलचा उजेड आत सोडला.

जवस सपाट होता. कोणी हाताने सारवून ठेवावा तसा तुळतुळीत, तपकिरी, आणि स्वस्थ. बांबूचे टोक वीतभर वर दिसत होते. कठड्यावरून गेलेला दोर ताठ होऊन सरळ त्या दाण्यात शिरला होता. वर माणूस नव्हता.

"मामा...?" त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"ओ."

तो त्या सपाट जवसातून आला. स्पष्ट आला, आणि दाणा एकही हलला नाही.

धम्मपालचा हात तांबड्या बटणापर्यंत पोहोचला होता. तो तेथे अडला. नियमाप्रमाणे ओ आला होता. वर्षभर अंगी मुरलेली ती सवय त्याच्या हाताला धरून राहिली. किती वेळ, ते त्याला पुढे नक्की सांगता येईना. दोन अंक मोजण्याइतका असावा. मग त्याने तळहाताने बटण दाबले.

यंत्राची घरघर उतरत उतरत थांबली. आणि त्या शांततेत, त्याने हाक मारलेली नसताना, आतून आणखी एकदा हळूच आवाज आला.

"ओ..."

पुढचे काम झपाट्याने झाले. धम्मपाल पाना घेऊन खाली धावला. हौदाच्या बुडापाशी बोल्टांनी बसविलेली एक पत्र्याची खिडकी आहे. बारांपैकी आठ बोल्ट निघाले तेव्हा जवसाच्या भारानेच तिचा पत्रा वाकला आणि दाणा पाण्यासारखा बाहेर लोटला. पंचफुलाबाई गुडघाभर जवसात उभ्या राहून दोन्ही हातांनी तो मागे लोटत होत्या. बारा बायांनी निवडलेला माल तेलकट फरशीवर पसरत चालला होता.

"जाऊ द्या तो जवस!" त्या ओरडत होत्या. "माणूस काढा आधी!"

आधी एक पाय आला, नंतर कंबर, नंतर आश्रुबा. त्यांच्या तोंडावर ओल्या जवसाचा भाकरीएवढा गठ्ठा बसला होता. तोंड घशापर्यंत दाण्यांनी चिणून भरलेले होते. धम्मपालने बोटे घालून तो चिकट लगदा बाहेर काढला. पंचफुलाबाईंनी मोठ्याने हाक मारण्यासाठी तोंड उघडले.

"आश्रु—"

धम्मपालने चटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग उघड्या हौदाकडे पाहिले, आणि मान हलविली.

"मी भी ऐकलाय," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मशीन बंद झाल्यावर."

दोघांनी मुकाट्याने आश्रुबांची छाती दाबली. बऱ्याच वेळाने त्यांना ठसका लागला.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की, तो ओला गठ्ठा तोंडासमोर अडकला आणि त्याच्या आड नाकापाशी ओंजळभर हवा राहिली, म्हणून माणूस वाचला. कोरडा जवस असता, तर वाचला नसता. ज्या दोन पोत्यांनी त्यांना गाडले, त्यांनीच त्यांना राखले. हे सर्व पटण्याजोगे होते.

तिसऱ्या दिवशी आश्रुबांना बोलता येऊ लागले. धम्मशीला औषधे आणावयास गेली होती.

"तुझ्या हाका मला सगळ्या ऐकू यायल्या होत्या," ते धम्मपालला म्हणाले.

"मामा, तुमी ओ दिला. सात येळा दिला."

"दोन येळा. तिसऱ्याला तर तोंडात जवस होता." कानाकडे बोट दाखवीत ते म्हणाले, "बाकीचे मी भी ऐकले. माझ्या कानाला लागून दिले त्यानं."

"त्यानं... कुणी?"

आश्रुबांनी खिडकीकडे तोंड वळविले.

"तू यायच्या सात वर्षं आधीची गोष्ट हाय. रंगनाथ म्हणून एक होता. आमच्या दोघांची जोडी. तवा हाक मारायचा रिवाज न्हवता. नुसतं तोंडाशी उभं राहायचं, येवढंच. तो आत होता, मी वर. फाट्यावर कुणी वळखीचं आलं म्हणून मी गेलो. चहा पिलो. आलो तर..." त्यांनी हाताचा पंजा पालथा करून हवेत सपाट फिरविला. "असा. सारवल्यावानी."

धम्मपालने खुर्ची खाटेजवळ ओढली.

"लोक म्हणले, अपघात. मी भी म्हणलो, अपघात. मग मीच मालकाला सांगून ह्या हाकेचा रिवाज पाडला."

"मग तो तुमाला मारायला...?"

"न्हाई रे," आश्रुबा शांतपणे म्हणाले. "माराया न्हवता. त्याला त्या दिवशी कुणी हाक मारलीच न्हाई ना. आता जो कुणी हाक मारंल, त्याला तो ओ देतोय. लय खूष होऊन द्यायलाय, धम्मपाल. त्याचा आवाज ऐकलास ना तू?"

धम्मपालला तो सालस आवाज आठवला.

हौद पूर्ण रिकामा करून झाडून काढण्यात आला. त्याच्या बुडाशी काहीही आढळले नाही. यंत्र बंद केल्यावाचून कोणी आत उतरू नये, असा नवा नियम धम्मपालने भिंतीवर लिहून लावला. पंचफुलाबाईंच्या गटाला गिरणीने नवा जवस देऊन तेल काढून दिले. ते न्यावयास त्या स्वतः आल्या नाहीत, गटातल्या दुसऱ्या बाईला पाठविले.

आठवड्याने आश्रुबांना मानवतला लेकीच्या घरी आणले. त्या संध्याकाळी ते बाहेरच्या खोलीत बाजेवर बसून तांब्याने पाणी पीत होते. समोर खुर्चीवर धम्मपाल होता. आत धम्मशीला भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज एका लयीत येत होता. तो थांबला.

"बाबा!" तिने आतून हाक मारली.

"ओ."

तांब्या आश्रुबांच्या तोंडाला होता. त्यांच्या गळ्याची घाटी घोटागणिक वरखाली होत होती. धम्मपाल त्यांच्याकडेच पाहत होता.

"वाढू का वो?" आतून प्रश्न आला. तिच्या आवाजात कसलाही संशय नव्हता; तिला ओ मिळाला होता.

आश्रुबांनी पाणी पिऊन संपविले. तांब्या खाली ठेवला, ओठ पुसले. त्यांनी जावयाकडे पाहिले नाही, मागेही पाहिले नाही. भरल्या एस.टी.त ओळखीचा माणूस चढला म्हणजे आपण सरकतो तसे ते बाजेच्या एका कडेला सरकले, आणि शेजारी एका माणसापुरती जागा करून स्वस्थ बसून राहिले.