पाहुणा कुठे उतरलाय?

तिमोरला येणार असाल तर सुटे डॉलर आणा. मोठी नोट इथे कुणी मोडून देत नाही. पाणी बाटलीचंच प्या. खाडीच्या तोंडाशी पोहायचं असेल तर आधी गावात विचारा, आजोबा आहेत का म्हणून. मगरीला आम्ही आजोबा म्हणतो. आणि दोन नोव्हेंबरला शक्यतो येऊ नका. त्या दिवशी सगळा देश आपापल्या मेलेल्यांकडे गेलेला असतो, तुम्हाला साधी कॉफीसुद्धा मिळायची नाही.

हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. राजधानीत, दिली शहरात, जुलिएता मावशीच्या गाड्या आहेत, त्यातली एक जीप माझ्याकडे असते. गाव सुटेपर्यंत माझं हे भाषण संपतं. आता मला ते झोपेतसुद्धा म्हणता येतं. त्या दोन नोव्हेंबरला मी जवळजवळ झोपेतच होतो. आठवडाभर लोकांना त्यांच्या त्यांच्या थडग्यांपाशी पोचवून पाठ मोडली होती. राहिलं होतं ते आमचंच. फुलं आणि मेणबत्त्या घेऊन मौबिसीच्या वर आमच्या गावी जायचं, बस. मामाच्या थडग्यावर अंधार पडायच्या आत दिवा लागला पाहिजे, नाहीतर आई वर्षभर ऐकवते.

मावशी म्हणाली, रिकामाच चाललायस तर एक पाहुणा घेऊन जा. मी वळून बघितलं तर तो पुढच्या सीटवर बसलेलाही होता. माझ्याच वयाचा, हाडकुळा, त्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मला वाटलं पोर्तुगालला जाऊन राहिलेल्यांपैकी कुणी असेल. तसे बरेच येतात, आपल्याच देशात वाट विचारत.

मी भाषण सुरू केलं. सुट्या पैशांवर आलो तर त्याने विचारलं, एस्कुडो चालतील का. म्हटलं दादा, ते पोर्तुगीजांचे पैसे, माझ्या आजोबांच्या वेळचे. मग रुपिया? तेही परक्या सैन्याबरोबर गेले, म्हटलं. ऐलेउच्या नाक्यावर आता कुणाचे सैनिक असतात, असं विचारलं. मी सांगितलं की तिथे एक बाई कोबी विकते, तिच्याशी घासाघीस करू नका, बाकी काही भीती नाही. दिवसाउजेडी रस्त्यानं चाललं तर चालतं का, हेही त्याने विचारलं. म्हटलं दिवसाच चाला, रात्री खड्डे दिसत नाहीत. तो मान हलवत राहिला, शाळेत पाठ करतात तसा.

ऐलेउ सोडलं आणि धुकं उतरलं. दुपार असूनही दिवे लावावे लागले. काचा वर केल्या तसा गाडीत एक वास कोंडला. मागे एवढी फुलं ठेवलेली, पण वास फुलांचा नव्हता. कसाव्याचे कंद उपटल्यावर खालच्या मातीला येतो तसा, ओला, थंड. माझ्या बाजूची काच श्वासाने पांढरी झाली होती. मी सारखा बाहीने पुसत होतो.

त्याच्या बाजूची काच लख्ख होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, वर कुठे उतरणार?

"तुमच्याकडेच," तो म्हणाला. "बरीच वर्षं तुमच्याकडेच उतरतोय."

आता मामाचं सांगायला हवं. क्लेमेंति मामा लढाईत डोंगरात गेला आणि परत आला नाही. आई त्याला किती वर्षं शोधत होती देव जाणे. कुणी सांगितलं अमक्या दरीत बघितला होता, की ही निघाली. शेवटी एका ओढ्याच्या वर हाडं सापडली. आमच्याकडे खात्री करायची एकच रीत. रक्ताच्या नातेवाइकाने बोट कापायचं आणि हाडावर थेंब सोडायचा. मुरला तर आपला, ओघळला तर परका. आईचा मुरला. रेडा कापला, गाव जेवलं, अंगणातल्या थडग्याच्या पांढऱ्या फरशीवर मामाचं नाव लागलं.

"फरशीखाली आहे तो क्लेमेंति नाही," पाहुणा म्हणाला. "तो मी."

मी हॉर्न वाजवला. वळण होतं.

"रक्त मुरलं होतं," मी म्हणालो. "आईचं रक्त... मुरलं होतं."

"पोरा, तहान लागली होती रे. किती वर्षं उन्हात पडून होतो... जे मिळालं ते प्यायलो."

नंतर तो दमल्या आवाजात बोलत राहिला. तक्रार नाही म्हणे, तुझी आई मायेची आहे, जेवण वेळेवर येतं. पण फरशीवर बसून ती लहानपणच्या गोष्टी काढते, ती बकरी आठवते का, नदीत पडलेला तो दिवस आठवतो का, आणि मी आपला हो हो करतो. कुठली बकरी, मला काय ठाऊक. त्याचं नाव तोमे. घर पार पूर्वेला, लोसपालोसला. तिथे त्याची बहीण अजून दऱ्या धुंडाळतेय. मी सवयीने बोलून गेलो की लोसपालोसचा रस्ता खराब आहे, उशी घेऊन बसा.

"आणि मामा?" मी विचारलं.

"तो येतो ना. दर वर्षी आजच्या दिवशी, फाटकापर्यंत. आत मी दिसतो... मग परत जातो. गेल्या वर्षी फार थकलेला वाटला. या वेळीही परत गेला तर पुन्हा नाही यायचा तो. आईला सांग."

मी म्हटलं, तूच सांग की.

"तिला माझं ऐकू जात नाही. तुला जातंय, कारण तू अर्धा झोपेत आहेस. पुढे बघ, दरी आहे."

मी पुढे बघितलं. खरंच दरी होती.

गाडी सरळ करून शेजारी बघितलं तर सीट रिकामी. पट्टा मात्र लावलेला होता, ताणून, कुणाच्यातरी छातीवरून गेल्यासारखा.

पोचलो तेव्हा उजेड विझायला आला होता. आई गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आलास? मला वाटलं आता माझ्याच थडग्यावर फुलं घेऊन येशील."

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. वाटलं होतं ती किंचाळेल, नाहीतर हातातला फडका माझ्या तोंडावर मारेल. ती घासतच राहिली.

"मला माहितीय," ती म्हणाली.

धुकं अंगणात आलं होतं. कुठे कुत्रंही भुंकत नव्हतं.

"थेंब ओघळला होता. नंतरचाही ओघळला. मग मी तो अंगठ्याने हाडावर दाबून धरला." तिने फडका पिळला. "दमले होते रे. रेडा आणून बांधलेला, सगळे उपाशी, माझ्या तोंडाकडे बघत बसलेले... आणि हाही बिचारा उघड्यावर पडलेला." मग फरशीकडे बघून तिने मला विचारलं, "काय नाव म्हणालास?"

"तोमे."

"तोमे, भाऊ," ती थडग्याला म्हणाली, "जरा सरकून बस."

मग कमरेवर हात ठेवून उठली, दोन पावलं फाटकाकडे गेली. कोंबड्यांना हाक मारते त्याच आवाजात तिने हाक मारली. "क्लेमेंति, ये आत. जागा आहे." आणि आमच्याकडे एकट्यालाच या म्हणत नाहीत, तसं म्हणणं वाईट दिसतं, म्हणून पुढे म्हणाली, "सोबत कोण असतील त्यांनाही घेऊन ये. थंडीत उभे राहू नका."

बांबूचं फाटक करकरत उघडलं. वारा नव्हता. तोच ओल्या मातीचा वास आत आला, आणि कुणीतरी जाता जाता माझा कान पिरगळला. जोरात. मी कान धरून कळवळलो तशी आई मटकन फरशीवर बसली. रडत होती की हसत होती कळेना.

"आला मेला," ती म्हणाली. "सगळ्यांचे कान पिरगळायचा. मार खायचा तरी सुधारला नाही."

मी मेणबत्त्या लावल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आईला पाय पसरून निवांत बसलेली बघितली. शेजारी कुणी ऐकत असल्यासारखी ती बकरीची गोष्ट सांगत होती, आणि मधेच थांबून खुदकन हसत होती. मलाही आता डोळे मिटून पडायचं होतं.

"फाटक लाव," ती म्हणाली. "धुकं येतंय."

मी जाऊन फाटक ढकललं. ते परत उघडलं. धक्का नव्हता, भरत्या बसचं दार लावताना आतबाहेर माणसं असली की लागतं तसं, मऊ काहीतरी मधे. मी हात काढून घेतला. पायवाटेवरचं गवत दबलं, उठलं, पुन्हा दबलं. फाटकाबाहेर उतारावर कुणी दिसत नव्हतं. धुक्यात फक्त खडे निसटल्याचा आवाज येत होता, जवळून, त्याच्या मागून, आणि मग पार खाली रस्त्यापर्यंत.

"लावलंस का?" आईने विचारलं.

"नाही, आई," मी म्हणालो. "अजून येतायत."