वीतभर उचललेली गाडी

या पेजवर बहुतेक जण रात्री बाराचं, अमावस्येचं सांगतात. माझं तसलं काही न्हाई. माझ्यासंगं जे झालं ते रविवारी भर दुपारी झालं, चांगल्या उन्हात, वडीगोद्रीहून नवीन जालन्याला येताना. राखीपौर्णिमा तोंडावर आल्ती. कुणाला खोटं वाटलं तर वाटू द्या. सख्ख्या भावाचं नाव घेऊन खोटं बोलायची मला हौस न्हाई.

मी शीतल. माहेर वडीगोद्रीचं, दिली नवीन जालन्यात. आमचे हे बियाण्याच्या कंपनीत कामाला आहेत. भाऊ एकच, अंगद, माझ्याहून ल्हान. हायवेला त्याचं खताचं दुकान आहे.

दोन वर्षांखाली त्यानं सात सीटची मोठी गाडी घेतली. तवा मायच्या पाया पडला आणि म्हणला, "माय, ही गाडी तुझ्या गुडघ्यासाठी. आता एसटीचं दांडकं धरून लोंबकळायचं न्हाई."

मायचे गुडघे पार गेल्ते. उठली-बसली की कट… कट… वाजायचे आणि तोंडातून "अगं माय गं" निघायचं. तिनं अंगदचं ते बोलणं साऱ्या गल्लीत सांगितलं. "पोरानं माझ्या गुडघ्यासाठी गाडी घेतली बरं का."

पुढची सीट तिची. दाराखाली पायदान होतं, त्यावर पाय ठेवून ती बराबर चढायची. पट्टा मात्र लावू द्यायची न्हाई. "मला काय दावणीला बांधता का?" म्हणायची. मंग पट्ट्यासाठी गाडी वाजत राहायची. टुण… टुण… टुण… शेवटी अंगद तिच्या पाठीमागून पट्टा ओढून खटक्यात अडकवायचा. मंग कुठं ती गाडी गप व्हायची.

पुढं अंगदला दोस्तांचा नाद लागला. त्यांच्या गाड्या उंच, आपली बुटकी, हेच त्याच्या डोक्यात. संभाजीनगरला एका गॅरेजात गाडी टाकली आणि चांगली वीतभर उचलून घेतली. नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, काळे अलॉय, ट्रॅक्टरला शोभतील असले रुंद टायर. पायदान काढून टाकलं. का, तर पायदानानं लुक जातो म्हणे!

गाडी घरी आली तवा मायनं ओवाळलं. आधी ती बोनेटवर स्वस्तिक काढायची. आता हात पुरंना. तिनं टायरलाच कुंकू लावलं आणि हसून म्हणली, "अंगद, आता मी चढू कशी रे?"

"स्टूल ठेवतो ना माय डिक्कीत."

स्टूल काही आलं न्हाई.

अक्षय तृतीयेला माझ्या नव्या घराची वास्तुशांत होती. पोटाला चिमटे काढून बांधलेलं घर. लेकीच्या वास्तूला माय येते, आहेर करते, लेकीचं घर डोळे भरून पाहते. माझ्या डोळ्यापुढं तेच चित्र होतं. मी सकाळपासून दाराकडं पाहून राह्यले.

अंगद आला. दोस्त घेऊन आला. माय न्हाई.

"माय कुठाय रे?"

"तिलाच न्हाई यायचं. लई समजावलं. म्हणली, मला न्हाई जायचं तिच्या घरी."

माझ्या हातात मायचा आहेर देऊन तो दोस्तांसंगं पंगतीला बसला. माझ्या सासूबाई, सगुणाबाई, भरल्या मांडवात मोठ्यानं म्हणल्या, "विहीणबाईंना आमचं घर पसंत न्हाई वाटतं!" बाया हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी मी मायला फोन लावला, तुलाच यायचं न्हवतं का विचारलं. ती म्हणली, "हौ बाई. माझंच मन न्हाई झालं. अंगदला काही बोलू नको."

पुढं पंधरवड्यात माय गेली. झोपली ती उठलीच न्हाई.

भाकरी थापताना, भांडी घासताना, माझ्या डोक्यात एकच फिरायचं. मायला माझं घर का नकोसं झालं? माझं काय चुकलं? आता विचारायचं तरी कुणाला?

त्या रविवारी मी माहेरी गेल्ते. वर्षभर दर महिन्याला मायच्या नावानं पान ठेवतात आमच्यात. एसटीतून उतरून घरी पोचले तर अंगदची गाडी दारात उभी.

आणि गाडी… कललेली.

पुढून, डाव्या अंगाला. मी चाकं पाह्यली. चारी चाकांत हवा टाइट. जमीन सपाट.

माझी भावजय रूपाली दारातच होती. मी म्हणलं, "गाडी अशी का बसली गं?" ती पदर तोंडाला लावून आत गेली.

जेवणं झाली. मी निघते म्हणलं तर अंगद उठला. "ताई, एसटीनं कशाला? मी सोडतो ना घरपोच."

मी त्याच्याकडं पाहतच राह्यले. एवढ्या वर्षांत त्यानं कधी ताईला सोडलं न्हाई. वरून त्यानं मायचं एक लुगडं, तिचा चष्मा आणि काठी पिशवीत घालून आणली. "तुझ्याकडं राहू दे. आठवण." माझे डोळे भरून आले. मायच्या माघारी पोराला अक्कल आली, असं वाटलं मला. किती येडी मी!

मी पुढचं दार उघडायला गेले तर तो ओरडलाच. "पुढं नको! मागं बस."

मी धडधाकट बाई. मलासुद्धा चढताना दारावरची दांडी धरून स्वतःला वर ओढावं लागलं.

अंबडच्या अलीकडं असू. रस्ता मोकळा. मी खिडकीतून कपाशी पाहून राह्यले.

आणि पुढून आवाज आला…

टुण… टुण… टुण…

पट्ट्याचा आवाज. मी वाकून पाह्यलं. अंगदचा पट्टा लावलेला. शेजारची सीट रिकामी.

"काय वाजतंय रे?"

"सेन्सर गेलाय."

"मंग बदल की."

"दोनदा बदलला ताई."

त्यानं गाण्याचा आवाज वाढवला. गाण्याखालून ते टुण… टुण… चालूच. माझ्या पायाशी पाण्याची बाटली होती. सरळ सपाट रस्त्यावर ती घरंगळत डाव्या बाजूला गेली आणि दाराला जाऊन टेकली.

मंग वास आला…

मिसरीचा. तव्यावर भाजलेल्या मिसरीचा, मायच्या हाताला यायचा तसा. त्या गाडीत मिसरी लावणारं कुणी न्हवतं.

माझ्या अंगावर काटा आला. मी पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ थोडी मागं सरकली. कुणी टेकून बसावं तशी. मी हात चटकन काढून घेतला.

टुण… टुण… टुण… आवाज जल्दी जल्दी व्हायला लागला.

आणि अंगदनं गाणं बंद केलं. रिकाम्या सीटकडं तोंड करून तो जोरात ओरडला, "नेऊन राह्यलो ना आता! तिच्याकडंच नेऊन राह्यलो ना माय! किती छळशील?"

मी गार पडले.

"अंगद… काय म्हणलास?"

त्यानं गाडी आणखी दामटली.

"तिला यायचंच न्हवतं ना रे माझ्याकडं? तूच सांगितलंस ना? बोल! न्हाईतर मी चालत्या गाडीतून उडी मारते."

गाडी चालवता चालवताच त्यानं सांगितलं. माझ्याकडं पाह्यलं न्हाई. वास्तुशांतीच्या दिवशी माय पहाटेच उठून बसल्ती. हिरवं लुगडं नेसली, आहेराची पिशवी मांडीवर घेतली. दोस्त गाडीत बसले, मंग ती चढायला गेली. पाय पोचंना. दोनदा गुडघा टेकून पाह्यला, दोनदा घसरली. दोस्त हसले. याला लाज वाटली. तिला उचलून बसवायची लाज न्हाई हो, तिचीच लाज! "तू ऱ्हा घरीच," म्हणला आणि तिच्या हातातली आहेराची पिशवी घेऊन निघून आला. माय ओट्यावर बसून राह्यली. तिला वाटलं, दोस्तांना सोडून हा आपल्याला न्यायला माघारी येईल. रूपालीनं दिवेलागणीला हात धरून आत नेलं तवा उठली.

मला काय वाटलं ते कसं सांगू? भावाचा राग आला, लई आला. पण त्याच्याहून जास्त दुखलं ते दुसरंच. संध्याकाळी मी फोन केला तवा माय सारं सांगू शकली असती. तिनं न्हाई सांगितलं. लेक रडली तर रडू दे, पोराचं नाव खराब नको. मला दोघांनी मिळून फसवलं.

आमच्या गल्लीत गाडी शिरली, माझ्या फाटकाशी थांबली.

आणि मंग…

कर्रर्र…

पुढची डावी बाजू खाली गेली. हळूहळू. आमची माय शेवटी शेवटी काटकुळी झाल्ती, आणि गाडी तर खताची पोती लादावीत तशी दबली. एवढी उचललेली गाडी, तिचं दार रस्त्याला टेकायचं राह्यलं.

"उतर माय," अंगद म्हणला. त्याचा आवाज फाटलेला. "आलं ताईचं घर."

पुढच्या दाराचा खटका वाजला. दार उघडलं. कुणी हात लावला न्हाई, मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं.

कट… कट…

"अगं माय गं…"

टुण टुण थांबलं. गाडी वर आली.

मला भीती वाटायला पाहिजे होती. न्हाई वाटली. मी मागच्या दारातून उडी मारली आणि पळत घरात गेले. पहिल्यांदा घरी येणाऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळतात. दुरडीतून भाकरीचा तुकडा मोडला, तांब्यात पाणी घेतलं. दोन्ही कवाडं उघडली. सासूबाई म्हणल्या, "कोण आलंय गं?" मी म्हणलं, "माझी माय आली." त्या माझ्या तोंडाकडं पाहत राह्यल्या.

बाहेर आले तर अंगदनं मायची पिशवी फाटकापाशी ठेवलेली. चहा न्हाई, पाणी न्हाई, गाडी चालू. "येतो ताई." त्याच्या तोंडावर असं काही हलकं हलकं दिसलं, आणि माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. तो मला सोडायला आल्ताच न्हाई. लुगडं, काठी, चष्मा, सगळं बांधून तो मायला माझ्या दारात टाकायला आल्ता. जिवंतपणी तिला उचलली न्हाई. मेल्यावर आणून टाकली.

मी काही बोलणार तेवढ्यात…

कर्रर्र…

गाडी पुन्हा दबली. डाव्या अंगाला.

पुढचं दार आपोआप लागलं. टुण… टुण… टुण…

अंगदनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं. तो रिकाम्या सीटकडं पाहून राह्यला आणि मी त्याच्याकडं. रिकामा पट्टा हळूहळू बाहेर आला. तिरका, फुगीर, कुणाच्या तरी अंगावरून आला तसा.

खट्.

आवाज बंद झाला.

गाडी तशीच कललेली कोपऱ्यावरून वळली आणि गेली. मी फाटकात उभी. एका हातात तांब्या, एका हातात भाकरतुकडा. "माय!" म्हणून मी हाक मारली. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या.

अंगदनं आता गाडी पुन्हा खाली करून घेतली. जुनी चाकं बसवली, पायदान लावलं. सारा खर्चा पाण्यात. रूपालीचा फोन येतो. म्हणते, गाडी आता कलत न्हाई, वाजत बिलकुल न्हाई. पण रोज सकाळी पुढच्या सीटचा पट्टा लावलेला असतो. अंगद तो काढत न्हाई. त्या सीटवर तो कुणालाच बसू देत न्हाई, दुकानाला जाताना त्या बाजूच्या खिडकीकडं तोंड करून हळू काहीतरी बोलत असतो.

रूपाली मायला आत्याबाई म्हणते. तिला वाटतं, आत्याबाई त्याच्यावर सूड उगवून राह्यल्या. माझ्या सासूबाई म्हणतात, मायचा जीव पोरातच. मी दोघींचं ऐकून घेते. मला खरंच कळत न्हाई.

भाऊबीजेला तो न्यायला आला. त्यानं हॉर्न वाजवला. मी आतून कडी लावून घेतली, गाडी जाईपर्यंत उघडली न्हाई.

लोक म्हणतात, शीतल त्या गाडीला भिते. गाडीची मला काय भीती? कधी ना कधी मी त्या पुढच्या काचेशी जाऊन उभी राहीन. विचारीन, माय, माझ्या दारापर्यंत आलीस, मंग आत का न्हाई आलीस गं?

आणि ती मला सांगंल, "माझंच मन न्हाई झालं. अंगदला काही बोलू नको."