मागच्या सीटवरची जोगेश्वरी

शेखर धर्माधिकारीला त्या दिवशी काय काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. एक, कुळाचाराला पहिल्या पाटावर बसायचा मान. दोन, भगवानरावकाकांचा उतरलेला चेहरा. तीन, नव्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचं नातेवाइकांत नाव. आणि चार, बायकोसमोर एकदाचं बरोबर ठरणं. ही चौथी गोष्ट तो स्वतःशीसुद्धा मोजत नसे, पण बाकीच्या तिन्ही तिच्याच पोटात होत्या.

धर्माधिकाऱ्यांचं मूळ गाव धामणदरी. ते धरणात गेलं तेव्हा वाडवडिलांनी भैरोबाला वेळेवर वर आणलं. जोगेश्वरीला हलवायचा मुहूर्त कोणता, यावर मात्र ते भांडत बसले आणि पाणी मुहूर्त न पाहता आलं. तेव्हापासून मोताळ्याच्या बाजूला वसलेल्या नव्या धामणदरीत दोन नैवेद्य वाढले जातात. एक भैरोबापुढे, एक त्याच्या शेजारच्या रिकाम्या कोनाड्यापुढे.

यंदा धरण इतकं आटलं की जुन्या गावाचं देऊळ वर आलं. मग एका लग्नाच्या पंगतीत भगवानरावकाकांनी, म्हणजे पहिल्या पाटाच्या मालकांनी, जिलबी मोडता मोडता जाहीर केलं, "जो जोगेश्वरी घेऊन येईल, त्याच्यासाठी मी पाटावरून उठतो."

शेखरने मान वर केली.

"तू नको मान वर करू," काका म्हणाले. "तुझी गाडी चारी चाकांना जोर लावून भाजी आणते."

पंगत हसली. त्याची बायको रेवतीही हसली. शेखरला ते तिचं हसणं पंगतीपेक्षा जास्त लागलं.

शेखर बुलढाण्याच्या एका कॉलेजात हेडक्लार्क. गाडी घेऊन महिना झाला होता, पण सीटांवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं आणि भाजीबाजाराच्या पुढे ती खरंच गेली नव्हती. गाडी विकणाऱ्यांनी खामगावजवळच्या एका माळावर नवशिक्यांसाठी शिकवणी ठेवली होती. शेखर गेला, पण "मी काय आज पहिल्यांदा गाडी चालवतोय का?" म्हणून मांडवात पोहे खात बसला. रेवती मात्र हट्टाने स्टिअरिंगवर बसली आणि मातीचे ढिगारे चढून-उतरून आली. शाळेत शिकवणारी बाई. ऐकलेलं विसरत नाही आणि दुसऱ्याला विसरू देत नाही.

मे महिन्याच्या एका दुपारी दोघं राजूर घाट उतरून मोताळ्याच्या अंगाने नव्या धामणदरीत आले. तिथे चुलतभाऊ नीळकंठ गाडीत चढला. भैरोबाची रोजची पूजा त्याच्याकडे. पिशवीभर नारळ, सोवळ्याचं धोतर आणि तोंडाने अखंड नामस्मरण.

"दादा, एक सांगून ठेवतो," तो बसल्या बसल्या म्हणाला. "जोगेश्वरीच्या वाटेवर पाऊल मागं घ्याचं नसते. आपल्या घराण्याचा नेम आहे. पालखी कधी उलटी फिरली नाही."

"माझी गाडी उलटी फिरायला काय पालखी आहे का?" शेखर म्हणाला आणि गाण्याचा आवाज वाढवला.

धरणाच्या काठाशी, जिथे लोक दरवर्षी उघड्या पडलेल्या गाळात टरबुजं लावतात, तिथे गाडी थांबली. वाट विचारायची होती. पण विचारणार कोणाला? खोपीत कोणी नव्हतं. चुलीतली राख गरम होती. परातीत मळलेलं पीठ तसंच, त्यावर बोटांचे ठसे. वेलांवर पिकलेली टरबुजं उन्हात चकाकत होती आणि राखायला साधं कुत्रंही नव्हतं. खुंटाला नुसतंच तुटलेलं दावं लोंबत होतं.

"पिकलेला माल टाकून कोणी जाते काय?" नीळकंठ कुजबुजला.

"बरंच झालं की," शेखर म्हणाला. "आपण आणलेलं बघून उद्या कोणी हक्क सांगायला नको."

रेवतीने खाली वाकून गाळावर हात ठेवला, मग म्हणाली, "अहो, तीन गोष्टी. टायरची थोडी हवा काढा, म्हणजे चाक पसरेल आणि रुतणार नाही. दुसरं, आधी पायी चालून वाट बघून या. आणि तिसरं, आपण एकटी गाडी घेऊन आलोय, तेव्हा जमीन मऊ लागली की जिथे असू तिथून मागे फिरायचं. आपल्याच चाकोरीतून."

"नव्या गाडीची हवा पहिल्याच फेरीत काढायची? देवाच्या कामाला?"

"आणि मागं तं फिराचंच नाही, वहिनी," मागून नीळकंठ.

दोन विरुद्ध एक. गाडी निघाली.

धरणाचा तळ म्हणजे दूरवर पसरलेली फरशी. उन्हाने तडकलेली, प्रत्येक फरशीच्या कडा वर वळलेल्या, मधल्या भेगा हातभर खोल. मधूनच बुडून मेलेल्या बाभळींचे खुंट, शिंपल्यांनी पांढरे पडलेले, ओळीने उभे. ती गावाची जुनी वाट असणार. एके ठिकाणी जमिनीच्या पातळीला आलेलं विहिरीचं तोंड दिसलं, गोल आणि गाळाने काठोकाठ भरलेलं. पलीकडे घरांचे चौथरे, नि एका चौथऱ्यावर पाटा-वरवंटा तसाच, जणू बाई आत्ताच उठून दार लावायला गेलीय. एक पाखरू नव्हतं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. गाणं कधी बंद केलं आणि कोणी केलं, कोणालाच आठवलं नाही.

चाकांखालच्या पापुद्र्याचा आवाज आधी कडकड येत होता. मग तो दबका झाला, फडक्यात गुंडाळून काही फोडावं तसा. मग आवाजच येईना.

"थांबा!" रेवती म्हणाली. "ऐका. आवाज बंद झाला. खाली ओलं आहे. मागे घ्या!"

देऊळ समोर दिसत होतं. कळस नसलेलं, काळं, कमरेपर्यंत गाळात. हाक मारली तर आतून ऐकू जाईल इतकं जवळ.

"मागं नाही दादा!" नीळकंठ ओरडला.

शेखरने पाय दाबला. इंजिन गरजलं. गाडीने एक झेप घेतली, दुसरी घेतली, आणि तिसरीला मागचा भाग खाली बसला, म्हैस डबक्यात बसते तसा. शेखरने आणखी दाबला! चाकं गरगरली. काळा, कुजका, थंड चिखल काचांवर उडाला. गाडी पुढे गेली नाही, खाली गेली.

"पाय काढा!" रेवतीने चावीच फिरवली. "फिरवाल तेवढी खणत जाईल ती. हेही सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही पोहे खात होता."

गरम इंजिन टिकटिकत होतं.

शेखरने देवळाकडे पाहिलं. एवढं आल्यावर रिकाम्या हाताने परतायचं? भगवानरावकाकांचा जिलबी चावणारा जबडा त्याच्या डोळ्यांपुढे आला. "आधी तिला आणू. मग गाडीचं बघू," तो म्हणाला. त्याचे बूट तिसऱ्याच पावलाला गाळाने ठेवून घेतले. तसाच अनवाणी, नीळकंठला ओढत तो देवळात शिरला.

आत गारवा होता. मेमधला नव्हे, खोल पाण्याचा. गाभाऱ्यात जोगेश्वरी छातीपर्यंत गाळात होती. घागरीएवढा शेंदूर फासलेला दगड, चांदीचे डोळे गळून तिथे दोन खळगे राहिलेले. इतकी वर्षं पाण्यात राहून शेंदूर निघाला नव्हता. नीळकंठने नारळ फोडला. त्याच्या पाण्याची धार गाळावर पडली आणि आवाज आला.

कुजबुज. एकाची नाही, शंभरांची. देवळाबाहेरून, सगळीकडून. पंगत बसायच्या आधी मांडवात माणसं हलक्या आवाजात बोलत असतात, तशी.

नीळकंठने करवंटी छातीशी धरली. "दादा... गाव बोलून राह्यलं."

"चूप बे! उचल!"

दोघांनी तिला धोतरात बांधली, ओढली, कण्हत कण्हत गाडीपर्यंत आणली आणि मागच्या सीटवर मधोमध, प्लास्टिकवर बसवली. चावी लावलेलीच होती; लगेच गाडी वाजू लागली. टिंग. टिंग. टिंग. समोर डॅशबोर्डवर मागच्या सीटचं चित्र लाल झालं होतं. सीटवर बसणाऱ्याने पट्टा लावला नाही, असं गाडीचं म्हणणं.

"तिले माणूस समजून राह्यली ना गाडी!" नीळकंठने हात जोडले, मग घाईघाईने जोगेश्वरीला पट्टा बांधला. टिंगटिंग थांबलं.

रेवती या सगळ्याकडे बघतच नव्हती. ती भेगेशी वाकली होती. "इकडे या. बोलतंय कोण ते बघा."

भेगेत पाणी होतं. स्वच्छ, काळं, हळूहळू वर चढणारं. ते चढताना भेगेतली हवा बाहेर पडत होती. फुसफुसत, कुजबुजत, लाखो भेगांतून एकदम. वर कोरडं आकाश, आणि खालून धरण भरत होतं!

"वरच्या धरणाचं पाणी सोडलंय," रेवती म्हणाली. "म्हणून ती माणसं पीठ टाकून पळाली. आता माझं ऐकायचं. प्रश्न नकोत."

शेखरने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाह्या सरसावल्या.

चारी टायरची हवा सोडली, सीऽऽ करत. तो आवाज त्या कुजबुजीत मिसळून गेला. हातांनी, नारळाच्या करवंट्यांनी चाकांमागचा चिखल उपसला. उपसलेल्या खड्ड्यात पाणी भरायचं, पुन्हा उपसायचं. पायपुसणी चाकांमागे घातली. सीटांवरचं प्लास्टिक फाडून, घड्या करून घातलं. रेवती स्टिअरिंगवर बसली, अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर, गाडी फोर-लोमध्ये, म्हणजे चारी चाकांच्या सगळ्यात हळू आणि जोरकस गिअरात.

"लोटा!"

गाडी हलली. वर चढली. पुन्हा बसली.

"वजन उतरवा. मागच्या बाजूचं सगळं."

जॅक गेला. नारळ गेले. नीळकंठ आधीच चिखलात होता. मग तिघांनी एकदमच मागच्या सीटकडे पाहिलं. पट्टा बांधून ती शांत बसली होती.

पाणी आता फरशीवर आलं होतं. घोट्याला लागत होतं, मुकाट्याने.

"नाही," शेखर म्हणाला. "हिच्यासाठीच आलोय आपण! हिला इथे ठेवून मी काकांना काय तोंड..."

"अहो," रेवती हळूच म्हणाली, "तुम्ही इथेच राहिलात तर पाटावर बसणार कोण?"

शेखर तसाच उभा राहिला. पाणी पोटरीकडे निघालं. मग त्याने पट्ट्याची खिट्टी दाबली. त्याने आणि नीळकंठने तिला उचलली आणि गाडीच्या समोर, देवळाच्या वाटेत, गाळात उभी केली. तिचे डोळ्यांचे खळगे गाडीकडे होते. दुसरीकडे तोंड करायला वेळ नव्हता. की हिंमत नव्हती?

"पण मागं कसं जायचं रे?" शेखरचा आवाज फाटला. "तूच म्हणालास ना, पाऊल मागं नाही!"

नीळकंठ हातापायांवर, चिखलाने काळा, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं डोकं वेळेवर चाललं. "दादा, देवळातून निघताना आपण देवाले पाठ दाखवतो काय? नाही ना? तोंड तिच्याकडं ठेवून उलट्या पावलानं उंबरा ओलांडतो! मग गाडीचं तोंड कुणीकडं आहे? तिच्याचकडं! घ्या वहिनी, घ्या मागं! हे मागं जाणं नव्हे, निघणं आहे!"

"लोटा!"

इंजिन खालच्या सुरात गुरगुरलं. शेखरने बॉनेटला खांदा लावला. काही तरी फाटलं, काही तरी सुटलं, आणि गाडी सपकन मागे उसळली! "थांबू नका! चढा!" दोघं धावत लटकले आणि आत घुसले. रेवतीने वळवली नाही, घाई केली नाही. मान मागे, आपल्याच चाकोऱ्यांवर डोळे, गाडी उलटी, एका चालीने. चाकोऱ्या पाण्याच्या दोन रेघा झाल्या होत्या. त्यावरून ती गाडी ओढत नेत होती. पाटा-वरवंटा बुडाला. विहिरीचं तोंड गिळलं गेलं.

शेखर मात्र समोर बघत होता. जोगेश्वरीच्या कमरेला पाणी लागलं. छातीला. मग पाण्यावर नुसता शेंदरी ठिपका. मग तोही नाही.

आणि टिंग. टिंग. टिंग.

लाल चित्र. मागची सीट. नीळकंठ दारापाशी आकसून बसला होता, पट्टा बांधून. वाजत होती ती मधली, रिकामी जागा.

"सीट ओली झाली असेल," रेवती म्हणाली. पण तिने मागे पाहिलं नाही.

शेवटी शेखरने मागे वळून, डोळे मिटून, चाचपडत तो मधला पट्टा ओढला आणि रिकाम्या जागेवर खिट्टीत बसवला. गाडी गप्प झाली. खालची कुजबुजही तेवढ्यात थांबली, कारण सगळ्या भेगा भरल्या होत्या.

काठाच्या टेकाडावर टरबूजवाले कडूबा आणि पुष्पाबाई संसाराचं गाठोडं घेऊन बसले होते. गाडी उलटी बाहेर येताना पाहून पुष्पाबाईने पदर तोंडाला लावला.

"सकाळपासून गावात भोंगा वरडून राह्यला," कडूबा म्हणाला. "पाणी सोडून राह्यले, वर या, वर या! तुम्हाले ऐकू नाही आलं काय?"

शेखरला आपलं गाणं आठवलं. नीळकंठ मान खाली घालून म्हणाला, "मी पूजेत होतो. पूजेतून उठता येत नाही."

"अन् उलटी काऊन आणली गाडी?"

"देवीला पाठ दाखवायची नसते," शेखर म्हणाला. पुष्पाबाईने हात जोडले. त्या दिवसातला तेवढा एकच मान त्याला मिळाला.

कुळाचाराला भगवानरावकाका पहिल्या पाटावर बसले, ते जिलबी संपेपर्यंत उठले नाहीत. "काय रे, आणणार होतास ना?" त्यांनी विचारलं. शेखरने पान उचललं, रिकाम्या कोनाड्यापुढे वाढलं आणि उलट्या पावलांनी मागे आला. हसायला लागलेली पंगत मधेच का थांबली, ते पंगतीलाही कळलं नाही.

आता हिशेब. काकांचं काही गेलं नाही, लावलेला पाट त्यांच्याखालीच राहिला. नीळकंठचं धोतर गेलं आणि नारळ गेले. शेखरचे बूट गेले, पाट गेला, आणि गाडीची चावी गेली. ती तेव्हापासून रेवतीच्या पर्समध्ये असते. मागच्या मधल्या सीटचा पट्टा कायम बांधलेला असतो. त्या जागेवर बसू का, असं कोणी विचारलं तर नवराबायको एकदम "नको" म्हणतात. नवराबायकोचं एकमत होण्याची ती एकच बाब.

पण खरं भरलं ते जोगेश्वरीने. या सगळ्याआधी गाव गेलं तरी तिच्या डोक्यावर देऊळ होतं. धर्माधिकाऱ्यांच्या मुलाने तिला गाभाऱ्यातून काढलं, सीटवर बसवलं, पट्टा बांधला, आणि वाटेत उतरवून दिलं. आता देऊळ रिकामं आहे, कोनाडा रिकामा आहे, आणि ती दोघांच्या मधे, उघड्यावर, पाण्याखाली उभी आहे. तोंड काठाकडे करून.