तेवढेच, पण हळू

तो माझ्या आयुष्यात शिडीवरून उतरून आला. माझ्यासाठी नव्हे हं! हेडक्लार्क काकांनी खालून शिडी गदागदा हलवली म्हणून.

परीक्षा सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. कॉलेजच्या फाटकावर नवी पाटी रंगवणं चाललं होतं आणि तिच्याखाली मी रडायच्या बेतात उभी होते. माझा लेखनिक आला नव्हता. लेखनिक म्हणजे मी तोंडाने उत्तर सांगायचं आणि त्याने ते माझ्या वतीने लिहायचं. मला संधिवात आहे, शाळेत असल्यापासून. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास विचारतो, "या वयात?" जसा काही मी तो कुणा आजीबाईंच्या कपाटातून चोरून आणलाय. हा पाहुणा जायचा नाही, हे आमच्या घरात सगळ्यांनी कधीच मान्य केलंय. इंजेक्शन वेळेवर मिळालं की तो शहाण्यासारखा वागतो. नाही मिळालं, तर पेन धरणं राहू दे, माझी वेणीसुद्धा आईलाच घालावी लागते.

"अरे पेंटर, तू संध्याकाळच्या वर्गाला आहेस ना आपल्या? पहिल्या वर्षाला?" काकांनी वर बघत विचारलं.

"आहे की. पण काका, फी भरलीय मी—"

"फीचं कोण बोलतंय! अक्षर कसं आहे तुझं?"

त्याने ब्रशनेच पाटी दाखवली. काकांचं समाधान झालं. दोन मिनिटांत तो खाली माझ्यासमोर उभा होता. उंच, सावळा, कानाच्या पाळीला निळा रंग लागलेला.

"गणिताचा पेपर आहे," मी म्हटलं. "लेखनिकाला आपला विषय येता कामा नये, असा नियम आहे."

"त्या बाबतीत निश्चिंत राहा. गणिताचं आणि माझं लहानपणीच फाटलंय."

मला हसू आलं. परीक्षेच्या दिवशी, रडायच्या बेतात असताना! तिथेच सावध व्हायला हवं होतं मी.

आम्हाला वाचनालयाशेजारची छोटी खोली दिली होती. खिडकीशी पर्यवेक्षक बाई, मध्ये टेबल, टेबलाशी आम्ही दोघं. मी पहिलं उत्तर सांगायला लागले, त्याने पहिला आकडा लिहिला आणि मी बघतच राहिले. असा देखणा दोन मी जन्मात पाहिला नव्हता. मग तसाच देखणा पाच. मग बरोबरचं चिन्ह... दोन्ही रेघा पट्टीने आखल्यासारख्या. पहिली काही मिनिटं मी खूश होते. मग घड्याळाकडे लक्ष गेलं.

"जरा लवकर," मी कुजबुजले.

"अक्षर बिघडेल."

"बिघडू दे!"

"शू," खिडकीपासून बाईंचा आवाज आला.

"मला घाईत लिहिताच येत नाही हो," तो अगदी काकुळतीला येऊन म्हणाला. "आमच्या कामात एक अक्षर चुकलं की अख्खी पाटी पुसावी लागते."

घंटा झाली तेव्हा शेवटचा प्रश्न कोरा होता. मला पाठ होता तो. झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर असा तोंडाचा पट्टा सोडला की व्हरांड्यातली पोरं थांबून बघायला लागली. "बोर्ड रंगवायला बसला होतात का? कळतंय का काय केलंत? माझी फी एक ट्रस्ट भरतो. प्रत्येक पेपरात पहिला वर्ग मिळाला आणि सगळे विषय एका वेळी घेतले, तरच! बाबा बेकरीत भट्टीवर असतात, आई घरी गणवेश शिवते. त्या दोघांच्या कमाईतलं निम्मं तर माझ्या औषधातच जातं. फी कुठून आणायची त्यांनी?"

त्याने सगळं ऐकून घेतलं. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. सबबी नाहीत, काही नाही. मग जरा थांबून म्हणाला, "पुढच्या पेपराला दुसरा कुणी मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर... मला शिकवाल? वाईट लिहायला?"

दुसरा कुणी मिळाला नाही. खरं सांगायचं तर मी फारसा शोधलाही नाही.

पेपरांच्या मध्ये सुट्ट्या होत्या. रोज दुपारी कँटीनच्या मागच्या बाकावर आमची शिकवणी भरायची. मी सांगायची, तो लिहायचा.

"आणखी वाईट लिहा. डॉक्टर लिहितात तसं."

"धंद्याचं वाटोळं करणार तुम्ही माझ्या."

"तो सात बघा. अजून नटलाय तो."

"सवय आहे त्याची," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "समोर कोण बसलंय त्यावर असतं ते."

मी लाजून पुस्तकात डोकं घातलं. छपराच्या पत्र्यावर पाऊस भुरभुरत होता. मग तोही लाजला आणि घाईघाईने पुढची ओळ खरडली. त्याचं पहिलं खरोखरचं गचाळ अक्षर! मी टाळ्या वाजवल्या... म्हणजे वाजवायला गेले आणि मनगटातून कळ गेली.

तो बघत होता. पाण्याची बाटली घेतली, झाकण सैल केलं आणि माझ्यासमोर ठेवली, जशी काही ती तशीच होती. आजवर मला मदत करणारे खूप भेटले. पण बहुतेक जण मदत करताना चेहरा असा करतात की त्यांचंच सांत्वन करावंसं वाटतं. याने फक्त झाकण सैल केलं आणि विचारलं, "हं, बोला सरकार. कंस कुठे संपतो?"

त्या रात्री मी अभ्यास कमी केला आणि त्याच्या निळ्या कानाचा विचार जास्त केला. लपवण्यात काय अर्थ आहे? मला तो आवडायला लागला होता.

दुसरा पेपर छान गेला. तिसरा त्याहून छान. त्याचं अक्षर दिवसेंदिवस बिघडत होतं आणि मी दिवसेंदिवस खुलत होते. हात मात्र उलट्या दिशेने चालला होता. शेवटच्या पेपराच्या आदल्या दुपारी मी बाकावर आले ती दप्तर काखेत दाबून. बोटं घट्ट सुजली होती.

त्याने वही मिटली. "पहिल्या दिवशी तुम्ही बाटली दोन्ही हातांनी धरत होतात. आता हातच लावत नाही. औषध चालू आहे ना?"

"आहे."

"नक्की?"

आईबाबांना, डॉक्टरांना, सगळ्यांना मी सराईतपणे गुंडाळत आले होते. त्याच्यापुढे मात्र जीभच वळेना. मी सांगून टाकलं. आई इंजेक्शनचे पैसे देते आणि दवाखान्यात मी एकटीच जाते. अलीकडे एक इंजेक्शन घ्यायचे, एक बुडवायचे. घरी सांगायचे की घेतलं, डॉक्टरांना सांगायचे की गावाला गेले होते. बुडवलेल्याचे पैसे बाजूला टाकत होते. शिष्यवृत्ती हुकली तर पुढची फी त्यातून भरायची, असा बेत होता.

"पहिला पेपर माझ्यामुळे गेला, म्हणून?"

"त्याच्या आधीपासून. तुम्ही उगाच सगळं श्रेय घेऊ नका."

तो हसला नाही. "आणि हात? हात कायमचा वाकडा झाला तर ती पदवी धरणार कशाने?"

"बोलायला काय जातंय तुमचं! तुम्हाला फुकटचा—"

"फुकटचा नाही!" तो एकदम उभा राहिला. आवाज चढला, मग तितकाच खाली आला. "फुकटचा राग नाही हा. तुम्ही मला आवडता. म्हणून येतोय राग. दिवसभर शिडीवर उभा असतो आणि डोक्यात तुमचे कंस चालू असतात. बोलून टाकलं. आता हसा हवं तर."

मला हसू येणार कुठून? हो म्हणायला एक श्वास पुरला असता... पण मी माझ्या हातांकडे पाहिलं.

"आत्ता नका विचारू," मी म्हटलं. "आत्ता मला तुमची गरज आहे. उद्याचा पेपर आहे, दप्तर आहे, बाटलीचं झाकण आहे. आज हो म्हटलं तर ते माझं मलाच खरं वाटणार नाही."

त्याने वही उचलून माझ्या दप्तरात ठेवली. "बरं," तो म्हणाला. "उद्या वेळेवर येतो. पण घरी तुम्ही सांगायचं. मी चुगली करणार नाही."

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. तिचं मशीन थांबलं. आधी ती इतकी रागावली की शेजारच्यांनी दार लावून घेतलं, मग माझे दोन्ही हात मांडीवर घेऊन रडली. मलाही आवरेना. बाबा भट्टीवरून आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत बसून बुटांची नाडी सोडता सोडता म्हणाले, "बाळ, तुझ्या मागे कोण लागलंय? सगळं एकदम कशाला करतेस? हळू शीक की."

"हळू शिकणाऱ्याला ट्रस्ट पैसे देत नाही, बाबा. सगळे विषय एका वेळी घ्यावे लागतात."

"विचारलंस का त्यांना?"

नव्हतं विचारलं. कुणीच विचारलं नसावं, कारण निकालानंतर मी ट्रस्टच्या कचेरीत उभी राहिले तेव्हा तिथल्या खजिनदारांना माझा प्रश्नच कळेना. पहिल्या पेपरात पहिला वर्ग थोडक्यात हुकला होता. बाकीच्या सगळ्यांत मिळाला होता. मी सांगितलं, की शेवटच्या वर्षाचे विषय एका वेळी निम्मेच घेईन, हुकलेला पेपर पुन्हा देईन. मला वेळेवर उपचार घ्यायचेत आणि शिकायचंही आहे. दोन्ही.

"म्हणजे जास्त पैसे हवेत," खजिनदार चष्मा पुसत म्हणाले.

"नाही सर. तेवढेच द्या. पण हळू द्या."

त्यांनी चष्मा लावला आणि मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "इथे येणारा प्रत्येक जण लवकर मागतो," ते शेजारच्या अध्यक्ष बाईंना म्हणाले. "हळू मागणारी ही पहिलीच."

अध्यक्ष बाई मात्र सहजी ऐकणाऱ्या नव्हत्या. "उद्या सगळेच हळू मागतील," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांचे हात असे नसतात, बाई. नसोतच," मी म्हटलं आणि हात टेबलावर ठेवले. आजवर लोकांपुढे मी ते ओढणीखालीच ठेवत आले होते. त्यांनी हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॉक्टरांचं पत्र आणायला सांगितलं, पुढच्या आठवड्यात बोलावलं. आणि पुढच्या आठवड्यात... हो म्हणाल्या! पदवीला एक वर्ष जास्त लागणार होतं. मैत्रिणी माझ्याआधी फोटो काढून मोकळ्या होणार होत्या. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण कचेरीचा जिना मी कठड्याला हात न लावता उतरले, कारण तोवर दोन इंजेक्शनं वेळेवर झाली होती.

या सगळ्या दिवसांत पेंटर लांबच राहिला. शेवटचा पेपर लिहून दिला, "घरी सांगितलंत?" विचारलं, मी मान डोलावली, आणि तो गेला. कधी रस्त्यात दिसला तर दुरूनच मान झुकवायचा. मी "नका विचारू" म्हटलं होतं ना, मग तो विचारत नव्हता. इतकं शब्दशः वागायची काही गरज होती का? मला त्याचा राग येत होता आणि आठवणही येत होती, दोन्ही एकदमच.

मग मीच त्याला शोधत गेले. तो एका औषधाच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून अर्धं खाली ओढलेलं शटर रंगवत होता. मला पाहून त्याचा ब्रश थांबला.

"सरकार! कसा आहे हात?"

मी त्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, शेजारच्या पुठ्ठ्यावर एक लांबलचक समीकरण लिहिलं आणि पुठ्ठा त्याच्यापुढे धरला. अक्षर वेडंवाकडं होतं, पण माझं होतं.

त्याने ते नीट पाहिलं. चेहरा आनंदाने उजळला, आणि मग हळूच पडला. "म्हणजे पुढच्या परीक्षेला लेखनिक नको," तो म्हणाला. "मला नारळच की."

"हो. पेपर मी लिहीन, दप्तर मी उचलेन, बाटलीसुद्धा मीच उघडेन. आता तुमची कशाकशाला गरज नाही."

"बरं." तो ब्रश उगाचच डब्यात ढवळत राहिला.

"अहो, बरं काय? शिडीवर बसून बसून डोकं हलकं झालंय का?" मला हसूही येत होतं आणि रडूही. "गरज नाही, म्हणून तर आलेय! आता विचारा ना!"

ब्रश डब्यात पडला. त्याने वर पाहिलं, आणि इतके दिवस "सरकार, सरकार" करणारा तो पोरगा चक्क अडखळला. "तुला... तुला मी आवडतो?"

"खूप," मी म्हटलं. "अगदी पहिल्या पेपरापासून. पेपर बुडवलास तरीसुद्धा."

रंगाने माखलेला त्याचा हात माझ्या हाताजवळ येऊन थांबला. "दुखेल का?"

"आज नाही दुखणार. पण कधीतरी पुन्हा सुजेल, हे आत्ताच सांगून ठेवते. हे जायचं नाही."

"मीही नाही जायचा," तो म्हणाला आणि माझी बोटं त्याने हातात घेतली, अगदी हळू. दुकानदार आतून ओरडला की शटर आजच्या आज व्हायला हवं. त्या दिवशी ते काही झालं नाही.