ईद, मटण आणि गार मडकं

माझी आणि झायदची ओळख एका मेंढ्याने करून दिली, तीही शिंगं उगारून.

ईदच्या आधीचा बाजार होता. वाळवंटाकाठच्या आमच्या झागोरा शहरात त्या दिवशी माणसांपेक्षा मेंढे जास्त असतात आणि दोघंही सारखंच ओरडत असतात. मी खांद्याला बर्फाची पेटी अडकवून गर्दीतून वाट काढत होते. पेटीत इन्सुलिनच्या कुप्या होत्या. आमच्या मधुमेही मंडळाने अर्जविनंत्या करून, देणग्या मागून त्या जमवल्या होत्या, जवळच्या तामग्रूत गावातल्या पेशंटांसाठी. सरकारी दवाखान्यातला साठा निम्म्या महिन्यातच संपतो, आणि दुकानातून विकत घ्यायचं म्हटलं की तिथली माणसं सुई टोचायचीच बंद करतात. मी त्यांना ओळखते, म्हणून सांगते.

तेवढ्यात कुणाच्या तरी हातातला दोर सुटला, आणि एक दांडगा पांढरा मेंढा थेट माझ्या पेटीवर येऊन धडकला. मी एकीकडे, झाकण दुसरीकडे, बर्फ धुळीत.

"बाजूला व्हा!" मागून आवाज आला.

"आता सांगताय?" मी धूळ झटकत उठले.

समोर एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. कोपरापर्यंत वाळलेला चिखल, आणि चेहऱ्यावर मेंढ्यापेक्षा जास्त घाबरलेपण. "लल्ला, लागलं तर नाही ना?" आमच्याकडे बाईमाणसाला आदराने लल्ला म्हणतात.

"मला नाही. पेटीला लागलं. तुमच्या पाहुण्याने बर्फ सांडला माझा."

"एवढंच ना? बर्फ आणून देतो की." त्याने पेटीत डोकावून पाहिलं. "काय आहे यात? सोनं?"

"इन्सुलिन. बर्फाशिवाय ह्या उन्हात वाया जाईल, आणि मग तामग्रूतमधल्या तीसेक घरांना तुमचं नाव सांगेन मी."

तो हसायला निघाला होता… आणि थांबला. "माझी आईही त्याच तिसांत आहे," तो म्हणाला.

मग मात्र त्याने वेळ घालवला नाही. शेजारच्या दुकानातला पाण्याचा साधा, बिनरंगी माठ उचलला, पाणी ओतून टाकलं, कुप्या पिशवीत बांधून आत ठेवल्या आणि माठाभोवती ओलं पोतं गुंडाळलं. "मी कुंभार आहे. दिवसभर भट्टीपाशी बसणाऱ्याला गारवा कुठे मिळतो ते बरोबर माहीत असतं. चला, मीही तामग्रूतलाच निघालोय."

गावाकडे जाणाऱ्या व्हॅनमध्ये मेंढा मागे, माठ माझ्या मांडीवर आणि झायद समोर. काचा उघड्या असूनही आत नुसती धग होती. तरी माठाला हात लावला तर… गार. खरंच गार! मी मान वर केली. तो माझ्याकडेच बघत होता.

माझी सुईची वेळ झाली होती. मी बाही वर केली आणि दंडात टोचून घेतली. मी बारा वर्षांची असल्यापासून हे चाललंय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अशा वेळी लोक एकतर मान फिरवतात, नाहीतर हळहळतात. मावश्या तर लगेच विचारतात, आता हिच्याशी लग्न कोण करणार गं? झायदने यातलं काहीच केलं नाही.

"दुखतं?" त्याने विचारलं.

"मेंढ्यापेक्षा कमी."

तो इतक्या जोरात हसला की मागे मेंढाही ओरडला. मला तिथेच तो आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

पण डोक्यात दुसरीच काळजी होती. आमच्याकडे ईदचा आठवडा म्हणजे फ्रीज मटणाचा. मेंढा कापला की फ्रीजमध्ये पाणी ठेवायलाही जागा उरत नाही. मागच्या वर्षी घरोघरी बायकांनी कुप्या उचलून बर्फाच्या कप्प्यात सरकवल्या. जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, असा त्यांचा हिशेब. इन्सुलिन एकदा गोठलं की त्यात औषध उरत नाही, नुसतं पाणी टोचल्यासारखं होतं. ईदनंतर एकामागून एक माणसं आजारी पडली, आणि माझी सख्खी मावशी मरता मरता वाचली.

त्यामुळे मंडळाच्या डॉक्टर सुआद यांनी ह्या वर्षी ठणकावून सांगितलं होतं. "घिझलान, ईदनंतर मी स्वतः येणार. एक जरी कुपी गोठलेली निघाली तर गावातलं वाटप बंद. ज्याला हवं त्याने झागोराला येऊन न्यावं." आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना तो प्रवास झेपणार नव्हता. मीही ते जाणत होते, डॉक्टरही.

उतरता उतरता मी झायदला विचारलं, "असला माठ प्रत्येक घरात देता येईल?"

"माठ नको. एकात एक अशी दोन मडकी करू. मधे वाळू, वाळूत पाणी. फ्रीजची गरजच नाही."

"ईदच्या आत?"

"तू रोज बघायला येणार असशील तर… ईदच्या आत." त्याचं 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मला कळलंही नाही. कळलं असतं तरी मी अडवलं नसतं.

मी रोज गेले. तामग्रूतची भांडी त्यांच्या हिरव्या झिलईसाठी ओळखली जातात, आणि झायदच्या घराण्याचा हिरवा तर विशेष. तिसऱ्या दिवशी त्याने पहिली जोडी माझ्यासमोर ठेवली. ओल्या पाल्यासारखा हिरवा रंग, काठावर नाजूक रेघा. मी बघतच राहिले. मग आत थर्मामीटर ठेवला, वाट पाहिली… पारा ढिम्म.

"झायद, हे गार होत नाहीये."

"होणारच नाही." तो शांतपणे चहा ओतत होता. "झिलई दिली की मडक्याला घाम येत नाही. घाम नाही तर गारवा नाही."

"माहीत होतं तुला?"

"कुंभाराचा मुलगा आहे मी."

"मग का केलंस?"

"तुला द्यायचं पहिलं भांडं बिनरंगी कसं देऊ?" त्याचे कान लाल झाले. "आमच्या घरातून आजवर झिलई न दिलेलं भांडं बाहेर गेलेलं नाही. काका म्हणतात, घराण्याचं नाक कापतोयस. बाकीची सगळी बिनरंगीच करतोय. पण हे… हे तुझं."

त्याने पेला पुढे केला. मी घोट घेतला आणि थबकले. चहात साखर नव्हती! आमच्याकडे पाहुण्याला बिनसाखरेचा चहा देणं म्हणजे दार लावून घेण्यासारखंच. नुसत्या पुदिन्याचा तो कडवट घोट मला इतका गोड लागला की काय सांगू.

"आईला पण असाच देतोस?"

"आईला देऊन बघितला. तिने किटली माझ्या अंगावर टाकली."

ईद आली. मडकी घरोघरी पोचली होती. सावलीतल्या खिडक्यांत, दाराआड, जिन्याखाली ती ओलीचिंब बसली होती. ईदच्या तिसऱ्या दिवशी, डॉक्टर येण्याआधी, मी प्रत्येक घरात जाऊन हात घालून पाहिलं. बाहेर ऊन भट्टीसारखं, आत कुप्या गार. "घिझलान, तुझं मडकं माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त घाम गाळतंय!" एक शेजारीण ओरडली, आणि गल्लीभर हशा पिकला.

शेवटचं घर झायदचं. त्याची आई, लल्ला इज्जा, कलेजीचे तुकडे सळईवर लावत बसली होती. खिडकीतलं मडकं छान पाझरत होतं. मी झाकण उचललं. आत ऑलिव्ह.

"मावशी… कुप्या?"

"फ्रीजमध्ये. बर्फाच्या कप्प्यात, मेंढ्याच्या मांडीखाली. तिथे कुणाचा हात पोचायचा नाही."

"अहो, पण मडकं दिलं होतं ना!"

"माझ्याच पोराचं मडकं! मला शिकवतेस? त्याने लहानपणी केलेला पहिला पेला अजून गळतोय."

मांडीखालून कुप्या काढल्या. दगड झाल्या होत्या. म्हातारी चरकली. "उन्हात ठेवू, वितळेल की."

"वितळेल. पण औषध राहायचं नाही." आम्हा दोघींचं इन्सुलिन एकच होतं. मी माझ्या पिशवीतली न उघडलेली कुपी काढून तिच्या हातात दिली. "आज हे घ्या."

तिने माझा हात पकडला. "डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस हं, पोरी. म्हण, म्हातारीने संपवल्या."

दारात झायद उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो मला अंगणात घेऊन गेला. "काय करणार आहेस?"

"खरं सांगणार."

"गावाचं इन्सुलिन जाईल, घिझलान."

"आज लपवलं तर पुढच्या ईदला पुन्हा कुणीतरी मांडीखाली लपवेल, आणि मला कळणारही नाही. मी ही सुई रोज टोचते, झायद. आत औषध आहे की पाणी, हे कळायलाच हवं."

त्याने एकदा घराकडे वळून पाहिलं. "आई तुझ्याशी बोलायची नाही."

"आणि तू?"

"मी बोलेन…" तो म्हणाला, "आईसमोर जरा हळू आवाजात."

डॉक्टर सुआद आल्या तेव्हा अंगण भरलं होतं. मी एक श्वास घेतला आणि सांगून टाकलं. सगळ्या घरांतल्या कुप्या चांगल्या आहेत. एका घरातल्या गोठल्या. कुणाच्या, ते मी सांगायच्या आत लल्ला इज्जा सळई हातात घेऊनच उठली.

"माझ्या! मडक्यात ऑलिव्ह ठेवले मी. पोराच्या हातावर भरवसा नव्हता."

डॉक्टरांनी गोठलेली कुपी उचलली, मग खिडकीतल्या मडक्यात हात घालून बघितला. हात तसाच आत ठेवून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"म्हणजे मडक्यातल्या सगळ्या वाचल्या," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि ज्या फ्रीजमध्ये गेल्या, त्याच वाया गेल्या?"

"हो."

"घिझलान, सगळ्याच चांगल्या आहेत म्हणाली असतीस ना, तर मी विश्वास ठेवला नसता." त्या झायदकडे वळल्या. "वाटप चालू राहील. आणि आपल्या खोऱ्यातल्या बाकीच्या गावांनाही ही मडकी हवीत."

"बघा!" लल्ला इज्जाने सळई उंचावली. "माझ्यामुळे सिद्ध झालं!"

हसण्याचा एकच गलका झाला. झायद मला व्हॅनपर्यंत सोडायला निघाला. गल्लीभर मटण भाजल्याचा वास, भिंतींवर ऊन, आणि आमच्या दोघांत हातभर अंतर. ते मला फार वाटत होतं.

"एवढ्या गावांची मडकी…" तो म्हणाला. "झोप विसरावी लागेल."

"त्यात आणखी एक वाढव."

"कुणासाठी?"

"आहे एक बाई. रोज सुई टोचून घेते. तोंडाने फटकळ आहे."

"पोचवायचं कुठे?"

मी थांबले. "पोचवायचं नाही. तुझ्याच घरच्या खिडकीत ठेव. कायमचं. मला तू आवडतोस, झायद. तुझ्या घरी नांदायचंय मला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने चिखलाचा हात पुढे करून माझा हात घट्ट धरला, भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, आणि मागे वळून घराच्या दिशेने ओरडला, "आई! खिडकीत आणखी एका मडक्याला जागा कर!"

"कधीच केलीय!" आतून आवाज आला. "पोरीला विचारायला तुलाच एवढे दिवस लागले!"

"मी नाही विचारलं, आई," तो ओरडला. "तिनेच विचारलं!"