फवारणीचे दिवस

करडी गावातल्या धानावर तुडतुड्यांची कीड आली होती. फवारणीचा ड्रोन उडवायला नुकत्याच शिकलेल्या रुपाचं ते पहिलंच काम, आणि ड्रोन थेट बाभळीत जाऊन अडकला. ती कावरीबावरी होऊन बघत होती, तेवढ्यात शेजारच्या शेतातला एक पोरगा पाठीवरचा पंप उतरवून सरसर झाडावर चढला.

"तुमचं पाखरू का हे?"

"ड्रोन आहे तो. सांभाळून... पंखा मोडन!"

"अन् मी पडलो तं?"

"तुमची गॅरंटी नाही ना मले भरावी लागत!" रुपाला हसू आवरेना.

तो भुपेंद्र. चार सोबत्यांना घेऊन गावोगाव फवारणी करायचा. त्या दिवसापासून स्वतःचं काम उरकलं की तो तिच्याकडे यायचा. बॅटऱ्या उचलायचा, ड्रोनच्या वाटेतल्या विजेच्या तारा दाखवायचा. औषधानं तडकलेले त्याचे हात रुपा चोरून बघायची... आणि त्यानं बघितलं की उगाच रिमोटशी चाळा करायची.

हळूहळू तो दुपारीच येऊ लागला. मग सकाळपासूनच. रुपा मनातून सुखावली. पण एकदा गावातले शेतकरी यादोरावकाका सहज बोलून गेले, "आता पंपवाल्यायले कोण बोलावते? तुह्यं मशीन घडीभरात उरकवते." भुपेंद्र सकाळपासून रिकामा का असतो, ते तिला आता कळलं.

"काहून नाही सांगितलं मले?" तिनं भुपेंद्रला गाठलं.

"तू उडवणं सोडलं असतं."

"सोडतेच!"

"नको. या औषधानं माह्या बाबाचे डोळे गेले. तुह्या मशीननं ते अंगावर येत नाही; चांगलं काम हाय तुह्यं."

"मंग माह्यासंग राह्य. मदतीले माणूस पायजेच मले."

"एकच ना? अन् ते चौघं?" त्यानं मान खाली घातली. "हैदराबादले बांधकामावर पाचही जणायले काम भेटते. उद्या जाऊन राहिलो."

सकाळी ती धावत फाट्यावर पोचली, तेव्हा चौघं एसटीत बसले होते. भुपेंद्र दारातच होता.

"भुपेंद्र... मले तू पायजे."

"मले बी तूच पायजे, रुपा. पण माह्यासाठी थांब म्हणायले तोंड नाही मले."

कंडक्टरनं घंटी दिली. एसटी वळणाआड गेली, तरी रुपा तिथंच उभी होती. हातातला फोन वाजला. यादोरावकाका होते.

"पोरी, कधी येतेस? वरच्या बांधीतल्या धानावर बी तुडतुडे दिसून राहिले."

रुपानं ओढणीनं डोळे पुसले.

"येऊन राहिली, काका," ती म्हणाली.