टोप निघाला नाही

फोन आला तेव्हा इन्स्पेक्टरबाई सासूबाईंशेजारी बसून चहा पीत होत्या. समोर टीव्हीवर कप्तान तलवार उपसून शत्रूच्या गलबतावर उडी घेत होता.

"मॅडम, स्टुडिओत या. कप्तान बुडाला," हवालदार म्हणाला.

"कुठे?"

"हौदात. शूटिंग चालू असताना, सगळ्यांच्या देखत."

सासूबाईंचे कान तिखट. पडद्यावरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, "म्हणजे खराच गेला? मग आता मालिकेचं काय?" बाईंनी कप खाली ठेवला आणि निघाल्या.

स्टुडिओ म्हणजे पत्र्याची अवाढव्य शेड. आत अर्धं गलबत. अर्धंच, कारण कॅमेऱ्याला दिसते तेवढीच बाजू रंगवलेली. मागे नुसत्या फळ्या आणि खिळे. गलबतासमोर खोल हौद, काठावर वादळ करणारे पंखे, आणि पाण्यावर मोडून पडलेली डोलकाठी, दोरांच्या जाळ्यासकट. त्या जाळ्यात कप्तानाचा पाय अडकला होता.

प्रेत ताडपत्रीखाली होतं. अंगात सोनेरी बटणांचा लोकरी कोट, डोक्यावर कुरळ्या केसांचा ऐटदार टोप. डोक्याला मार लागलाय का बघायला बाईंनी टोप उचलायला घेतला. तो हलला नाही. टोपाच्या कडेला, कपाळावर नखांचे ओरखडे होते, आणि कप्तानाच्याच नखांत कुरळे केस अडकले होते. बाईंनी ते नीट पाहून ठेवलं.

माणूस मेला की त्याच्याबद्दल गोड बोलायचं असतं म्हणतात. पण ह्या माणसाबद्दल गोड बोलायला त्या शेडमध्ये एकही जण तयार नव्हता. त्याची बायको तेवढी खुर्चीत ताठ बसली होती. तीही रडत नव्हती.

"मॅडम, माझ्या भावाला आत टाका," ती म्हणाली.

"कोण भाऊ?"

"तो बघा. इथला पाणबुड्या. पाण्यात कुणी संकटात सापडलं तर उडी मारायची, एवढंच काम त्याला. आणि तो काठावर बसून माझा नवरा मरताना बघत राहिला. कोर्टात पहिली साक्ष मी देईन."

भाऊ जमिनीवर बसला होता. अंगावरचे कपडे अजून ओले, ओठ फुटलेला. तो बाईंच्या येण्याआधीच कुणीतरी फोडला होता.

"उडी का मारली नाहीस?"

"टोप निघाला नाही."

"म्हणजे?"

"बुडण्याच्या सीनला नट हातपाय मारणार, ओरडणार. पंख्यांच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही, आवाज नंतर भरतात. मग खरं काय, खोटं काय, कळायचं कसं? म्हणून ठरलेलं होतं. खरंच जिवावर बेतलं तर डोक्यावरचा टोप ओढून फेकायचा. टोप निघाला की मी उडी मारायची. नाहीतर 'कट' ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. 'कट'चा भोंगा झाला आणि लगेच मारली मी उडी. दोर कापले, वर आणलं. पण उशीर झाला होता."

"हे टोपाचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"दिग्दर्शकांच्या. टोप निघाला की शॉट वाया जातो, त्यामुळे कुणी उगाच काढणार नाही, म्हणून."

"आणि तुझ्या दाजींनी काढला नाही?"

"टोप निघाला नाही," तो पुन्हा तेच म्हणाला, आणि त्यानं फुटक्या ओठावरून जीभ फिरवली.

मालिकेतला लेफ्टनंट मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. कोटाची बटणं काढत काढत त्यानं सगळं ओकून टाकलं.

"मॅडम, कप्तानानं मागे दोनदा मस्तीत टोप फेकला होता. हा बिचारा जीव तोडून उडी मारायचा आणि तो पाण्यात उभा राहून खदाखदा हसायचा. म्हणायचा, बघा, बेडूक आला. आम्ही सगळे हसायचो. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या वेळी तर त्यानं वर येऊन मेहुण्याच्या थोबाडीत मारली. शॉट घालवलास म्हणून. सगळ्यांसमोर."

"तुमचा काय फायदा? आता कप्तान तुम्ही होणार?"

"कसला कप्तान? मालिका त्याच्या तोंडावर चालते. उद्यापासून आम्ही सगळे घरी माशा मारत बसणार."

हवालदारानं बाईंना बाजूला घेतलं. "केस सरळ आहे, मॅडम. थोबाडीत खाल्ली, मनात ठेवली, आज उट्टं काढलं. बहीणच साक्ष देतेय. जन्मभर आत जातोय तो."

"जाईल की. पण आधी मला एवढं सांगा, कपाळ रक्तबंबाळ होईस्तोवर जो टोप ओढला, तो निघाला का नाही?"

बाई शॉट बघायला गेल्या.

मॉनिटरसमोर दिग्दर्शकाची खुर्ची होती. बाई तीत बसल्या तशी त्यांच्या कोपराला एक छोटी पेटी लागली. पेटीला अंगठ्यानं फिरवायचं चाक होतं.

"जपून हं, मॅडम," सहायक मुलगी म्हणाली. "कॅमेरा तिकडे क्रेनवर असतो, पण झूम सर इथूनच करतात. त्या चाकाला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना खपत नाही."

शॉटला आवाज नव्हता. लाट आली, कप्तान पाण्यात पडला, हातपाय झाडू लागला. बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. मग त्यानं दोन्ही हात डोक्याला नेले. बोटं कपाळापाशी रुतली. चित्र हळूहळू जवळ गेलं. आधी चेहरा आणि हात, मग नुसती बोटं आणि कपाळ, आणि त्या कपाळावरून उतरलेला रक्ताचा बारीक ओघळ. मग हात सुटले आणि चित्रात नुसतं पाणी राहिलं.

"आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, मॅडम," मुलगी म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

बाईंनी मेकअपच्या खोलीचं दार लोटलं. मेकअपवाल्या मावशी ब्रश धूत होत्या. ब्रश केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी त्यांचं धुणं चाललेलंच होतं.

"मावशी, टोप कसा बसवला होता?"

"नेहमीसारखाच. दोन चापांवर."

"मी ओढून बघितलाय."

मावशींनी ब्रश खाली ठेवला. "गोंद लावला. पाण्यानं सुटत नाही तो, पक्का. दिग्दर्शकांनी सांगितलं होतं. म्हणाले, रविवारच्या खास भागाचा सीन आहे, आज ह्याचा थिल्लरपणा नको. कप्तानाला बोलू नका म्हणाले, नाहीतर तो लावूच देणार नाही."

"आणि पाणबुड्याला?"

"त्याला मी सांगतो म्हणाले. देवाशपथ, मॅडम. मी टोप लावून दिला आणि इथेच बसले होते."

बाईंनी सगळ्यांना गलबतावर बोलावलं. बायको एका टोकाला, भाऊ दुसऱ्या टोकाला. लेफ्टनंट सुकाणूला टेकून उभा, मावशी त्याच्यामागे. दिग्दर्शक शेवटी आला. शांत माणूस, बोलणं मऊ.

"टोप चिकटवायला तुम्ही सांगितलंत?"

"हो." त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "त्या मस्तीला मी विटलो होतो. पाणबुड्याला सांगायचं मात्र गडबडीत राहून गेलं. चूक माझी आहे, मॅडम. निष्काळजीपणा म्हणा. शिक्षा होईल ती भोगीन."

कप्तानाची बायको उठून उभी राहिली. एवढा वेळ ती भावाकडे बघत होती, आता दिग्दर्शकाकडे बघू लागली.

"त्याचे हात डोक्याला गेले, ते तुम्हाला दिसलं नाही?" बाईंनी विचारलं.

"मी मॉनिटरकडे पाठ करून पंखेवाल्यांवर ओरडत होतो. वळलो तर तो पाण्याखाली. लगेच 'कट' म्हटलं. त्याआधी दिसलं असतं तर थांबलो असतो का?"

"चाकावर दुसऱ्या कुणाचा हात होता?"

"माझ्या चाकाला कुणी हात लावत नाही," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आणि त्याचा अंगठा मुठीत गेला.

बाई सावकाश बोलू लागल्या. "हात डोक्याला गेले तोवर चित्र लांबचं आहे. हात गेले आणि झूम सुरू झाला. चेहऱ्यावर गेला, मग बोटांवर, मग रक्तावर. पाठ फिरवून उभा असलेला माणूस रक्ताचा ओघळ चित्राच्या मधोमध आणू शकत नाही. तुम्ही खुर्चीत होतात. अंगठा चाकावर होता आणि डोळे पडद्यावर."

"मला वाटलं, तो पुन्हा मस्करी करतोय."

"मस्करी करणारा टोप फेकून हसतो. हा तर ओढून ओढून रडकुंडीला आला होता. पाणबुड्याला वाटलं टोप निघत नाही म्हणजे सगळं ठीक आहे. पण तो का निघत नाही हे माहीत असलेली माणसं दोनच. मावशी खोलीत होत्या. राहिलात तुम्ही. हा माणूस खरंच मरतोय हे त्या वेळी जगात फक्त तुम्हाला कळलं होतं, आणि त्याला वाचवायला तुम्हाला एक शब्द बोलायचा होता."

दिग्दर्शक हौदाकडे बघत होता.

"इतकी वर्षं मी त्याच्याकडे एक खरा चेहरा मागत होतो," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर हसायचा. आज दिला त्यानं. म्हटलं, आणखी थोडं. मग म्हटलं, आणखी थोडंच. मी काही त्याला बुडवला नाही, मॅडम."

"नाही. बुडताना बघितलात. हात बांधून बघितलंत आणि वाचवायची खूणही आधीच काढून घेतली होतीत. माझ्या लेखी तो खूनच."

हवालदारानं त्याचा दंड धरला. पायऱ्या उतरताना तो सहायक मुलीपाशी थांबला. "तो शॉट जपून ठेव. एकच कॉपी आहे," तो म्हणाला. मुलीनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

माणसं पांगली. कप्तानाची बायको गलबताच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आली आणि भावासमोर उभी राहिली. बाई जरा बाजूला झाल्या, पण ऐकू येणार नाही इतक्या लांब गेल्या नाहीत. तो त्यांच्या धंद्याचा दोष होता.

"मी तुला नाही नाही ते बोलले," बहीण म्हणाली. तिनं रुमाल काढून त्याच्या ओठाला लावला. "सगळ्यांसमोर बोलले. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं रे. चल, घरी चल."

त्यानं तिचा हात बाजूला केला.

"ताई, टोप निघाला नाही हे खरं आहे."

"माहीत आहे मला."

"तसं नाही. त्याचे हात डोक्याला गेलेले मला दिसले होते. टोप ओढताना दिसला. मला वाटलं, आता फेकणार आणि पुन्हा मला सगळ्यांसमोर नाचवणार. म्हटलं, निघेपर्यंत उठायचं नाही. आज हात जोडून बोलावलं तरी लवकर जायचं नाही." त्यानं ओली बाही पिळली. "आणि मला बरं वाटत होतं, ताई. तो टोप ओढत होता तेव्हा मला बरं वाटत होतं."

ह्या गोष्टीला कायद्यात कलम नव्हतं आणि असतं तरी बाईंनी ते लावलं नसतं. मघापासून हा माणूस एकच वाक्य का म्हणत होता, ते त्यांना आता समजलं.

बहिणीनं रुमालाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. ती रडेल असं बाईंना वाटलं होतं. ती रडली नाही.

"घरी पोर वाट बघतेय," ती म्हणाली. "तिला अजून काही माहीत नाही. तिचा जीव तुझ्यावर जास्त आहे, मामा मामा करत असते. तिला तू सांग."

"काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंस ते. शब्द न बदलता."

ती पुढे निघाली. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग ओल्या बुटांनी तिच्यामागून चालू लागला.